अडॅप्टर चांगला, जागा चुकीची

संगणकाला यूएसबी वायफाय अडॅप्टर लावला, ड्रायव्हर बसला, पासवर्डही स्वीकारला गेला. तरी नेट रखडतंच. अशा वेळी दोष अडॅप्टरच्या माथी मारून महागडा आणण्याआधी तो कुठे खोचलाय, ते पाहावं. डेस्कटॉपच्या मागच्या पोर्टात बसवला, की राउटर आणि त्याच्यामध्ये पत्र्याची कॅबिनेट आडवी येते, आणि धातू रेडिओलहरी अडवतो. दुसरा त्रास शेजाऱ्याचा. बाजूच्या निळ्या पोर्टातली यूएसबी ३.० हार्ड डिस्क सेकंदाला ५ अब्ज बिटांच्या वेगाने बोलते आणि त्यातून निघणारा विद्युत गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही सांडतो. इंटेलने २०१२ मध्येच हे मोजून दाखवलं होतं.

यावर कोणी म्हणेल, ५ गिगाहर्ट्झ निवडा, प्रश्न मिटला. गोंगाटापुरतं ते बरोबर. पण हा पट्टा भिंतींपुढे लवकर दमतो, आणि पत्रा तर त्यालाही अडवतोच. दुसरा आक्षेप ड्रायव्हरचा. तो चुकीचा असेल तर अडॅप्टर ओळखला जात नाही किंवा जोडणी तुटत राहते, हे खरं. म्हणून उत्पादकाच्या संकेतस्थळावरून मॉडेल क्रमांक जुळवूनच तो घ्यावा. पण अँटेनापर्यंत न पोचलेली लहर कोणताही ड्रायव्हर पैदा करू शकत नाही. सिग्नल उणे ७० डीबीएमवरून उणे ६० वर आला, तर हाती येणारी शक्ती दहापट होते. म्हणून नव्या अडॅप्टरआधी मीटरभराची एक्स्टेंशन केबल घ्यावी आणि आहे तोच अडॅप्टर टेबलावर, मोकळ्यात आणून ठेवावा.