चारशेवीस फुटांचा झोका

जत्रेतल्या पाळण्यात बसल्यावर वरच्या टोकाला पोटात गोळा आला नाही, असा मनुष्य विरळा. खाली उतरताना ‘पुन्हा नाही रे बाबा!’ म्हणून कानाला खडा लावायचा आणि पुढल्या वर्षी मुलांच्या निमित्ताने पुन्हा रांगेत उभे राहायचे, ही आपली रीतच आहे. परंतु जगात असेही शौकीन आहेत, की ज्यांना पाळण्यात बसण्याइतकाच आनंद तो उभा राहताना पाहण्यात वाटतो. अमेरिकेत रोलर कोस्टरच्या अशा भक्तांची १९७८ सालापासून रीतसर संघटना आहे. एखाद्या करमणूक उद्यानात पाया खणायला सुरुवात झाली, की ही मंडळी कॅमेरे घेऊन कुंपणाबाहेर हजर! खड्ड्याच्या आकारावरून मनोऱ्याची उंची ताडायची, ट्रकमधून आलेल्या रुळांच्या वळणावरून पुढची वाट ओळखायची आणि मग त्यावर तासन् तास वाद घालायचा. आपल्याकडे क्रिकेटवर घालतात ना, अगदी तसा.

या वेडाचे मूळ तसे जुने. १८८४ साली न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडवर थॉम्प्सन नावाच्या गृहस्थाने उतरणीवरून घसरणारी गाडी सुरू केली. तिकीट पाच सेंट आणि वेग ताशी सहा मैल! आपला टांग्याचा घोडासुद्धा याहून जोरात पळेल. पुढे लाकडी सांगाडे उंच झाले. १९५९ साली डिस्नेलँडमध्ये मॅटरहॉर्न पर्वताची प्रतिकृती उभी राहिली आणि तिच्यात पोलादी नळ्यांचे रूळ प्रथमच वापरण्यात आले. नळी हवी तशी वाकवता येते; लाकडाला ते जमत नाही. तेव्हापासून उंचीची जी शर्यत लागली, ती आजतागायत थांबलेली नाही.

चारसौबीस!

या शर्यतीतली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ओहायओ राज्यात ईरी सरोवराच्या काठी सीडर पॉइंट नावाचे जुने उद्यान आहे. २००३ साली तेथे ‘टॉप थ्रिल ड्रॅगस्टर’ सुरू झाले. उंची बरोबर ४२० फूट! हा आकडा ऐकला, की आपण आधी खिसा चाचपतो. पण येथे फसवणूक मुळीच नव्हती. सपाट रुळावर उभी असलेली गाडी चार सेकंदांच्या आत ताशी १९३ किलोमीटर वेग घेई, सरळ उभ्या मनोऱ्यावर चढे आणि पलीकडे कोसळे. सारा खेळ अर्ध्या मिनिटाच्या आसपास आटोपे.

गाडीला इंजिन नव्हते. पोलादी टाक्यांत नायट्रोजन वायू प्रचंड दाबाखाली कोंडलेला असे. तो सुटला, की तेल जोराने ढकलले जाई, त्या जोरावर एक मोठा रहाट गरगर फिरे आणि दोराने गाडीला ओढून सोडून देई. पुढचे सारे गाडीने आपल्या वेगावर निभवायचे.

आता शाळेतले गणित आठवून पाहा. हवा आणि घर्षण यांचा अडथळा मुळीच नसता, तरी ४२० फूट, म्हणजे १२८ मीटर, चढायला ताशी सुमारे १८० किलोमीटर वेग लागतो. गाडीला मिळे १९३. म्हणजे समोरचा वारा, चाकांचे घर्षण, माणसांचे वजन, या सर्वांसाठी शिल्लक तेवढी तेरा किलोमीटरची! घरखर्चात इतकी कमी शिल्लक राहिली, तर गृहिणीला झोप लागणार नाही. साहजिकच कधी कधी गाडी शिखराजवळ पोचून थबके आणि उलटी खाली येई.

घाबरू नका. त्यासाठी रुळावर धातूच्या पट्ट्या वर येत. लोहचुंबक अशा पट्टीजवळून वेगाने गेला, की पट्टीत वीज उत्पन्न होते आणि ती त्याच गतीला विरोध करते. या ब्रेकला बाहेरची वीज लागत नाही. दिवे गेले तरी तो लागणारच! गंमत अशी, की आपली गाडी अशी परत फिरली तर शौकिनांना हळहळ वाटत नसे; उलट एका तिकिटात दोन खेळ झाले म्हणून ते टाळ्या पिटत.

रांगेतला अपघात

परंतु १५ ऑगस्ट २०२१ रोजी या टाळ्या थांबल्या. धावत्या गाडीचा धातूचा एक तुकडा निखळला आणि रांगेत उभ्या असलेल्या एका स्त्रीच्या डोक्याला लागून तिला गंभीर इजा झाली. ती अजून गाडीत बसलीसुद्धा नव्हती. ओहायओत अशा यंत्रांची तपासणी राज्याच्या कृषी खात्याकडे असते. त्या खात्याने चौकशी केली. उद्यानाने कायदा मोडल्याचा पुरावा आढळला नाही. पण कायदा न मोडताही डोके फुटू शकते, हे सर्वांनी पाहिले होते. पुढल्या वर्षी उद्यानाने जाहीर केले, की या रूपातले ड्रॅगस्टर आता निवृत्त झाले.

मग पुन्हा खड्डे खणले गेले आणि कुंपणाबाहेर कॅमेरे जमले. पहिल्या मनोऱ्यासमोर तेवढ्याच उंचीचा दुसरा मनोरा चढू लागला. रहाट आणि दोर गेले, त्यांच्या जागी विजेची सरळ मोटार आली. घरातल्या पंख्याची मोटार उलगडून जमिनीवर सतरंजीसारखी पसरली आहे, अशी कल्पना करा. पंख्यात चुंबकाची ओढ पाती फिरवते. येथे तीच ओढ गाडीला पुढे लोटते.

पण एकाच धक्क्यात शिखर गाठायचे नाही, असे ठरले. आपण बाळाला झोका देतो तसेच! पहिला रेटा ताशी ११९ किलोमीटरचा. गाडी थोडी चढून मागे येते. दुसरा उलट दिशेने १६३ चा. ती मागच्या मनोऱ्यावर पाठमोरी चढते. खाली येताना तिसरा रेटा १९३ चा, आणि मग शिखरापार. तोच रूळ तीनदा उपयोगी पडतो. शौकिनांत यावरून दोन तट पडले. जुन्यांना तो एकच जीवघेणा झटका हवा होता. नव्यांना तिप्पट झोका पसंत पडला.

मे २०२४ मध्ये हे ‘टॉप थ्रिल टू’ लोकांसाठी उघडले आणि दोन आठवडेही झाले नाहीत तोच बंद करण्यात आले. गाड्यांच्या चाकांत दोष आढळला होता. सारा हंगाम वाया गेला. दूरदूरहून आलेली मुले हिरमुसून परतली, शौकीन मंडळी चिडली. माणसांच्या जागी पाण्याने भरलेले पुतळे बसवून गाड्या फिरवायच्या, तपासायच्या, पुन्हा फिरवायच्या, असे या धंद्यात चालते. अखेर मे २०२५ मध्ये दरवाजा पुन्हा उघडला. त्याच वर्षी २८ फेब्रुवारीला न्यू जर्सीतला याच जातीचा ४५६ फुटी ‘किंगडा का’ सुरुंग लावून पाडण्यात आला. एका भावाचा पुनर्जन्म झाला, दुसऱ्याच्या नशिबी सुरुंग आला.

या गोष्टीतला सर्वांत धाडसी क्षण कोणता, असे मला कोणी विचारले, तर मी त्या शिखराचे नाव घेणार नाही. कोट्यवधींचे यंत्र, ऐन हंगाम, दाराशी गर्दी, आणि तरीही ‘आज बंद’ ही पाटी लावणारा हात. धैर्य लागते ते त्याला. तेव्हा सुटीत मुलांना घेऊन कोठे गेलात, आवडता पाळणा बंद दिसला आणि धाकटे रडू लागले, तर चरफडू नका. त्याला कडेवर घ्या आणि सांगा, की आत कोणीतरी आपल्यासाठी एकेक खिळा तपासतो आहे.