पंडिता रमाबाईंचा भरवसा

संकटात देवावर भार टाकावा, असे अनेक धर्म सांगतात. भार टाकल्यानंतर माणसाने स्वतः काय करायचे, याची दोन अगदी वेगळी उत्तरे पंडिता रमाबाईंनी आयुष्यात जगून पाहिली.

रमाबाईंचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले आणि लक्ष्मीबाईंनी तेच लेकीला दिले. तीर्थक्षेत्रे हिंडावीत, देवळात पुराण सांगावे आणि श्रोते जे ठेवतील त्यावर गुजराण करावी, हा या कुटुंबाचा क्रम होता. 1870 च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला आणि श्रोत्यांच्याच घरी दाणा उरला नाही. देव प्रसन्न व्हावा म्हणून या कुटुंबाने होते नव्हते ते दानधर्मात आणि व्रतांत घातले. मोलमजुरीची सवय कुणालाच नव्हती आणि विद्येच्या अभिमानामुळे हातही पसरवत नव्हता. वडील, आई आणि थोरली बहीण पाठोपाठ गेली. या माणसांची श्रद्धा खोटी म्हणता येणार नाही; तिच्यासाठी त्यांनी प्राण दिले. पण मागे राहिलेल्या रमाबाईंचा त्या श्रद्धेवरचा विश्वास हळूहळू उडाला.

भाऊ श्रीनिवास यांच्यासह पायी फिरत त्या 1878 मध्ये कलकत्त्याला पोहोचल्या. तिथल्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवले. 1880 मध्ये भाऊ वारला, 1882 मध्ये पती बिपिनबिहारी वारले. पदरात लहानगी लेक मनोरमा. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

1889 मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले आणि लवकरच ते पुण्याला हलवले. खर्चाचा भार बॉस्टनच्या रमाबाई असोसिएशनने उचलला होता, पण दहाच वर्षांसाठी. 1893 मध्ये सदनातल्या मुलींच्या धर्मांतराच्या आरोपावरून वादळ उठले, सल्लागार मंडळ बाजूला झाले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. दहा वर्षे सरल्यावर पैसा कुठून येणार, याचे उत्तर कुणापाशीच नव्हते. रमाबाईंनी प्रार्थना केली आणि पुणे जिल्ह्यातल्या केडगावला जमीन घेऊन फळझाडे लावली, म्हणजे पुढे बागेच्या उत्पन्नावर सदन चालेल. त्यांच्या भरवशाचा खरा स्वभाव या बागेत दिसतो.

झाडे फळाला येण्याआधीच 1896 चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात उपाशी मुली रस्त्यावर पडल्याचे कळताच, वीस वर्षांपूर्वीची स्वतःची भूक आठवून, रमाबाई तिकडे गेल्या. खर्चाची सोय नसताना त्यांनी शेकडो मुली आणल्या. पुण्यात प्लेगचा कहर सुरू असल्याने या मुलींना शहरात ठेवणे कठीण झाले, म्हणून केडगावच्या माळावर राहुट्या उभ्या राहिल्या. त्यातूनच मुक्ती सदन ही संस्था उभी राहिली. 1900 च्या आसपास गुजरातच्या दुष्काळातल्या मुलींची भर पडून तिथली संख्या दीड हजारांवर गेली.

ठरावीक उत्पन्नाची हमी आता नव्हती. येईल त्या मदतीवर आणि प्रार्थनेवर संस्था चालली, हे रमाबाई स्वतः सांगत. पण तिथे रिकामे कुणी बसत नसे. शेती, हातमाग, तेलाचा घाणा, छापखाना या सगळ्यांत मुलीच राबत. अंध मुलींसाठी बार्तिमी सदनात ब्रेल शिकवले जाई. कष्टाची लाज बाळगल्याने घर कसे बुडते हे रमाबाईंनी पाहिले होते. म्हणून त्यांनी देवाच्या भरवशावर सोडलेल्या प्रत्येक मुलीच्या हाती एक धंदाही दिला. भक्तीइतकीच ही गोष्टही त्यांना महत्त्वाची वाटे.

संस्थेची वारस म्हणून तयार केलेली मनोरमा 1921 मध्ये आईच्या आधी गेली. रमाबाईंचे मराठी बायबलचे भाषांतर तेव्हा शेवटच्या टप्प्यात होते. ते त्यांनी सोडले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी केडगावला त्यांचे निधन झाले. भाषांतर 1924 मध्ये तिथल्याच छापखान्यातून बाहेर पडले.