'डॉन कार्लोस' : मुळातला फ्रेंच

ऑपेरा म्हटलं की तो इटालियनच, असं आपण धरून चालतो. व्हेर्दीचा 'डॉन कार्लोस'सुद्धा बहुतेक ठिकाणी इटालियनमध्येच गातात. पण मित्रांनो, तो मुळात फ्रेंच! पॅरिस ऑपेरासाठी लिहिलेला. पहिला प्रयोग ११ मार्च १८६७.

तालमींतच तो एवढा लांबला की प्रेक्षकांची उपनगरात जाणारी शेवटची गाडी चुकू नये म्हणून व्हेर्दीने बरंच संगीत कापलं. (लास्ट लोकलचं टेन्शन तिकडेही होतंच!) पुढे १८८४ साली मिलानच्या ला स्कालासाठी त्याने पहिला अंकच उडवला. याच अंकात फोंतेनब्लोच्या जंगलात कार्लोस आणि एलिझाबेथ प्रेमात पडतात, आणि तिथेच तिचं लग्न त्याच्या बापाशी ठरतं! हे डोळ्यांनी पाहिलं नाही, तर पुढचं सगळं दुःख नुसतं ऐकीव राहतं.

म्हणून मला पॅरिसच्या शातले थिएटरमधलं १९९६ चं चित्रीकरण आवडतं. पाच अंक, फ्रेंचमध्ये. संचालन आंतोनिओ पापानोचं, कार्लोस झालाय रॉबेर्तो आलान्या. राजा झालेला जोसे व्हान दाम रात्री एकटाच गातो, तेव्हा फ्रेंच शब्द स्वतःशी पुटपुटल्यासारखे येतात. इटालियनमध्ये तीच आरिया मला जरा भाषणासारखी वाटते.

सबटायटल्स लावूनच बघा. साडेतीन तास लागतात, तेव्हा सबमिशनच्या आठवड्यात नको.