रिमोटची ‘रॉक क्रॉलर’ घेताना आणि विकताना

गेल्या ईदला आमच्या भाच्याने जमलेल्या ईदीतून रिमोटची जीप घेतली. मोठी चाके, टपावर दिवे, खोक्यावर डोंगर चढणाऱ्या गाडीचे चित्र. आर्वीतील आमच्या घरामागे बांधकामासाठी मुरूम टाकला होता. त्या ढिगावर ती चार दिवस चालली. पाचव्या दिवशी मोटर फिरू लागली, पण चाके जागची हलेनात. ओळखीच्या मेकॅनिकने गाडी उघडून दात झडलेला प्लास्टिकचा गिअर आमच्या तळहातावर ठेवला. “चाचा, असा गिअर आणून द्या, पाच मिनिटांत बसवतो,” तो म्हणाला. गिअर आणायचा कुठून, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नव्हते. त्याने ठोक बाजारातून डझनाने माल उचलला होता. मुलाचे पैसे गेले आणि दुकानदाराचे एक घर तुटले.

हा माल आता तालुक्याच्या बाजारातही दिसू लागला आहे. म्हणून घेणाऱ्याने आणि विकणाऱ्याने काय पाहावे, ते येथे देत आहोत.

रॉक क्रॉलर ही पळणारी गाडी नव्हे. दगड-गोट्यांवरून सावकाश, चारही चाकांच्या जोरावर चढणे हे तिचे काम. शौकीन मंडळींत अॅक्सिअल आणि ट्रॅक्सस या अमेरिकन कंपन्यांची नावे मोठी आहेत. ट्रॅक्ससची ‘टीआरएक्स-४’ २०१७ साली आली. पण त्या गाड्यांची किंमत पहिल्या खरेदीला झेपणारी नाही. स्वस्तात डब्ल्यूपीएल, एमएन अशा चिनी गाड्या मिळतात. त्यांवर १:१६ किंवा १:१२ असे प्रमाण लिहिलेले असते. १:१६ म्हणजे खऱ्या गाडीचा सोळावा भाग. खेळण्यांवरील आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले. त्यामुळे परदेशातील भाव पाहून आपल्याकडच्या भावाचा अंदाज बांधू नये.

आता मुख्य गोष्ट. काळ्या मातीत ट्रॅक्टरचे एक चाक जागीच फिरू लागले की चालक डिफरन्शियल लॉकचे पायडल दाबतो. मग दोन्ही चाके एकत्र फिरतात आणि ट्रॅक्टर बाहेर निघतो. क्रॉलरचेही तसेच आहे. तिच्या अॅक्सलमध्ये ही चाके कायमची जोडलेली असली, तरच एक चाक हवेत गेल्यावर दुसरे ओढते. काउंटरवरच तपासता येते. गाडी बंद ठेवून उलटी करा आणि मागचे एक चाक हाताने फिरवा. जोडीचे चाक उलट दिशेने फिरले तर लॉक नाही. दोन्ही एकाच दिशेने फिरली, किंवा चाक जड लागून हलेना, तर लॉक आहे असे समजावे. पुढच्या चाकांचीही हीच परीक्षा.

दुसरी परीक्षा रिमोटची. बटण जरासे दाबले तर गाडी जराशी सरकली पाहिजे. दाबताच सुसाट सुटणारी किंवा चाके एकदम टोकापर्यंत वळवणारी गाडी दगडावर निरुपयोगी, मग खोक्यावर काहीही छापलेले असो. फळी तिरपी धरून तिच्यावर गाडी उभी करा आणि रिमोट सोडा. चांगली गाडी घसरत नाही. टायर बोटाने दाबून पाहा. कडक प्लास्टिकचा असेल तर दगड धरणार नाही.

वेग, दिवे, भोंगा यांचे पैसे मोजू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते पैसे सुट्या भागांसाठी राखावेत. मेकॅनिकच्या सल्ल्याने आम्ही भाच्याला दुसऱ्या वेळी डब्ल्यूपीएलची ‘सी-२४’ घेऊन दिली. हिचेही गिअर प्लास्टिकचे आणि मोटर लहान, त्यामुळे ती फार मजबूत आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण तिचे गिअर, शाफ्ट, अॅक्सल सुटे मिळतात, आणि नंतर धातूचे बसवता येतात. गाडीबरोबरच गिअरचा एक संच मागवून ठेवला होता. तो पावसाळ्याआधीच कामी आला.

बॅटरी बहुधा ७.४ व्होल्टची, दोन सेलची असते. गाडी मंदावली की थांबावे. सेल ३ व्होल्टखाली गेला की बिघडतो, फुगतो. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नये. रात्री चार्जिंगला लावून झोपू नये, आणि मे महिन्यात पत्र्याच्या दुकानात ती उन्हाच्या बाजूला ठेवू नये. चाक अडकले असताना बटण दाबून धरले तर मोटर तापते. दहा मिनिटांनी मोटरवर बोट टेकवत नसेल तर गाडीला विश्रांती द्यावी.

दुकानदार बंधूंसाठी एक महत्त्वाची सूचना. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. चिन्हाशिवाय विक्री केल्यास २०१६ च्या भारतीय मानक ब्युरो कायद्याखाली पहिल्याच गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान २ लाख रुपये दंड होऊ शकतो. मोठ्यांच्या छंदाच्या गाड्यांवर ‘१४ वर्षांवरील’ असे लिहिलेले असते. पण त्या ओळीच्या आडोशाने दहा वर्षांच्या मुलाला माल देणे धोक्याचे आहे. ठोक व्यापाऱ्याकडून पक्के बिल घ्यावे, आणि खोक्यावरील आयएसआय चिन्ह व परवाना क्रमांक स्वतः पाहावा. ठोकवाला ‘सगळे असेच विकतात’ म्हणाला तर माल परत करावा.

मोबाईल आणि रेडिओ दुरुस्त करणाऱ्या आपल्या कारागिरांना यात थोडे काम आहे. तुटलेली तार डाख देऊन जोडणे, मोटर बदलणे, गिअर बसवणे हे त्यांच्या हातचे. लेथवाल्यांसाठीही आहे. गाडी उलटू नये म्हणून शौकीन लोक चाकांत पितळी कड्या बसवतात, वजन खाली राहावे म्हणून. आमच्या मेकॅनिकने लेथवर तशा चार कड्या उतरवून घेतल्या. पहिली जोडी जाड झाली आणि चाकात बसेना. दुसरी बसली. आता भाच्याची गाडी मुरमाचा ढीग सरळ चढते. काळ्या मातीत मात्र पाऊस पडल्यावर नेऊ नये. चिखल अॅक्सलला गुंडाळतो, आणि धुताना पाणी मोटरमध्ये जाते.