सतरा फोटो आणि एक फ्लॉपी

चेलाडी फाट्यावर सातारा रस्ता सोडला, नसरापूर, मार्गासनी मागे टाकले, की वेल्ह्याच्या वाटेवर आमचे विंझर लागते. पावसाळ्यात इथे चार दिवस न घातलेल्या चपलेवरही बुरशी धरते. तिथे पत्र्याच्या ट्रंकेत पंचवीस वर्षांहून अधिक काळ पडलेल्या फ्लॉपीची काय कथा!

ही फ्लॉपी १९९८च्या दिवाळीतली. धाकटा भाऊ अमेरिकेहून आला होता आणि त्याच्या गळ्यात एक बोजड, विटेएवढा कॅमेरा होता. सोनी कंपनीचा 'डिजिटल मॅविका'. त्यात रीळ नव्हते, चक्क साडेतीन इंची फ्लॉपी होती. खटका दाबला की आतून कुरकुर ऐकू येई आणि काही सेकंदांनी फोटो फ्लॉपीवर उतरे. भाताची झोडणी चालली होती. आई पडवीत सुपात काहीतरी पाखडत होती. भावाने तिचा फोटो काढून मागच्या पडद्यावर दाखवला. ती म्हणाली, "अरे, मी आत्ता इथं बसलेय आणि ह्यातपण बसलेय! आता धुवायला कुठं टाकणार?"

तिच्या त्या प्रश्नाला आम्ही हसलो. पण तो प्रश्न खरा होता.

भावाने जाताना फ्लॉपी माझ्या हातात दिली. तेव्हा घरी संगणक नव्हता. बँकेत होता, पण बाहेरची फ्लॉपी आत घालायला सक्त मनाई, विषाणूची धास्ती. 'बघू कधीतरी' म्हणून ती ट्रंकेत गेली. पुढे भावाने नवा कॅमेरा घेतला आणि जुना मला देऊन टाकला. तोही तिथेच गेला. २००१ साली आई गेली. २००४ साली मातीच्या भिंतींचे घर पाडून सिमेंटचे बांधले. त्या पडवीत बसलेल्या आईचा दुसरा फोटो आमच्याकडे नाही.

गेल्या वर्षी आवराआवरीत ट्रंक उघडली. कॅमेऱ्याची बॅटरी अर्थातच मेलेली. पण गंमत अशी, की त्याच बनावटीची बॅटरी लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्यांच्या दिव्यांना आजही लागते! नसरापूरच्या एका तरुणाने आपल्याकडची काढून दिली. कॅमेरा जागा झाला, त्याने तारीख विचारली आणि फ्लॉपी घालताच 'डिस्क एरर' म्हणून मोकळा झाला.

हा कॅमेरा संगणकाला केबलने जोडता येत नाही. फ्लॉपी हाच त्याचा एकमेव पूल. १९९७ साली हीच त्याची थोरवी होती. त्या काळच्या बऱ्याच कॅमेऱ्यांना सीरियल पोर्टची केबल आणि कंपनीचे खास सॉफ्टवेअर लागे. आज ते पोर्ट लॅपटॉपवर नाही आणि ती सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर बहुधा चालत नाहीत. फ्लॉपीला मात्र यूएसबीची ड्राइव्ह अजून मिळते आणि नवा संगणक तिला ओळखतोही. फ्लॉप्या विकणे खुद्द सोनीने जपानात २०११ साली थांबवले. पण जुन्या फ्लॉपीवरची फाइल साधी जेपीईजी आहे आणि ती आजच्या फोनवरही उघडते.

पुतणीने ड्राइव्ह मागवली. फ्लॉपी घातली. संगणकाने विचारले, "डिस्क फॉरमॅट करायची का?" तिचे बोट 'हो'कडे चाललेले पाहून मी ओरडलो. संगणकाच्या भाषेत फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणे! मी आधी फ्लॉपीच्या कोपऱ्यातली खिटी सरकवून ती लिहिण्यासाठी बंद केली. बँकेत लेजर पोस्टिंग मशिने आली तेव्हापासून रोज संध्याकाळी बॅकअपच्या फ्लॉप्या हाताळल्या होत्या. ती सवय कामाला आली.

"काका, एवढं साधं कुणी आम्हाला शिकवलंच नाही," पुतणी म्हणाली.

फ्लॉपीची धातूची झडप सरकवून उजेडात धरली. आतल्या काळ्या चकतीवर पांढुरके ठिपके, बुरशीच ती. अशी फ्लॉपी तशीच फिरवली, तर ड्राइव्हचे डोके घाण होते आणि चकतीवर ओरखडे उठतात. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणले. आधी एका रिकाम्या फ्लॉपीवर हात बसवला. मग आईच्या फ्लॉपीची चकती मधल्या धातूच्या तुकड्याने हळूहळू फिरवत, मऊ बोळ्याने दोन्ही बाजूंनी पुसली आणि पूर्ण वाळू दिली. ड्राइव्ह आणि कॅमेऱ्याचे डोकेही पुसले. मग पुतणीने एकेक फाइल न उघडता आधी अख्ख्या फ्लॉपीची नक्कल काढायला लावली. न वाचलेली जागा पुन:पुन्हा वाचून पाहणारे फुकट सॉफ्टवेअर असते. तासभर ड्राइव्ह कण्हत होती.

फ्लॉपीवर सतरा फोटो होते. अकरा धडधाकट आले. तीन उघडलेच नाहीत. तीन अर्धे आले. जेपीईजी वरून खाली उलगडत जातो; मध्ये तुटला, की बहुधा खालचा भाग करडा होतो.

पडवीतला फोटो त्या अर्ध्यांपैकी. वर कौले, खुंटीवरचे घोंगडे, मग आईचा चेहरा, कॅमेऱ्याकडे न पाहता सुपाकडे पाहणारा. मग खांदे. आणि सूप धरलेल्या हातांपाशी करडी पट्टी सुरू. फोटो एवढासा, ६४० बाय ४८० ठिपक्यांचा. पण कपाळावरचे गोंदण दिसते. भावाला व्हिडिओ कॉलवर दाखवला. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "दादा, सूप वेळवाचं होतं ना?" मी हो म्हणालो. खरे तर मलाही आठवत नव्हते.

बँकेत आम्ही म्हणत असू, बॅकअप घेतला म्हणजे काम झाले नाही. तो उघडून पाहावा लागतो. इतरांना हे शिकवणाऱ्याने स्वत:ची फ्लॉपी पंचवीस वर्षे उघडली नाही. आईच्या हयातीतच उघडली असती, तर सतराही मिळाले असते आणि तिला दाखवताही आले असते.

वाचकहो, तुमच्याही माळ्यावर असा एखादा डबा असेल. फ्लॉपी असेल, सीडी असेल, जुन्या कॅमेऱ्याचे पातळ कार्ड असेल. त्या कार्डांसाठी कार्ड रीडर मिळतात. संगणकाने फॉरमॅटचे विचारले, तर 'नाही' म्हणा, आधी नक्कल काढा आणि निवडक फोटो कागदावर छापून घ्या.

आम्ही तो अर्धा फोटो छापून विंझरच्या घरी लावला आहे, करड्या पट्टीसकट. फोटो धुवायला टाकायला उशीर झाला, पण टाकला.