औषधाचा हिशेब : खर्च किती, गुण किती?

"डॉक्टर, खर्च किती येईल?" हा प्रश्न दवाखान्यात रोज कानावर पडतो. "डॉक्टर, गुण किती येईल?" हे मात्र फार थोडे लोक विचारतात. खरे म्हणजे हे दोन्ही प्रश्न एका दमात विचारायचे असतात. बाजारात बैल घेताना आपण नुसती किंमत विचारून थांबत नाही. दात पाहतो, चार पावले चालवून पाहतो. मग दागिने गहाण ठेवून करायच्या उपचाराबाबतच आपण गप्प का बसतो? एक तर आजारपणात घरचे सगळे घाबरलेले असतात. दुसरे म्हणजे विचारले तर डॉक्टर रागावतील अशी भीती असते. आणि तिसरे म्हणजे 'महाग ते चांगले' हा समज मनात पक्का बसलेला असतो. हा हिशेब संशोधक कसा मांडतात आणि आपण त्यातून काय घ्यावे, ते आज पाहू.

बाटलीत असते काय?

सुरुवात आपल्या रोजच्या अनुभवातल्या सलाईनपासून करू. "फार अशक्तपणा आलाय, एक बाटली लावा," असे सांगत येणारे रोगी प्रत्येक डॉक्टरला ठाऊक आहेत. अर्ध्या लिटरच्या पाच टक्के ग्लुकोजच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे साधारण पाच चहाचे चमचे. नुसत्या मिठाच्या पाण्याच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते, म्हणजे एक चमचासुद्धा नाही. जेवू शकणाऱ्या माणसाला या बाटलीतून जी शक्ती मिळते, ती एका भाकरीतून मिळते त्याहून जास्त नसते. तेवढ्यासाठी पैसे जातात, दिवसाची मजुरी बुडते, सुई टोचली जाते ती वेगळीच. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, तो हाच प्रकार.

मात्र हीच बाटली काही वेळा जीव वाचवते. जुलाब-उलट्यांनी अंगातले पाणी फारच कमी झाले, रोगी ग्लानीत गेला, तोंडाने काही ठरत नाही, अशा वेळी सलाईनला पर्याय नाही. ज्याला पिता येते, त्याचे काम मात्र साखर-मिठाच्या पाण्याने, म्हणजे ओआरएसने भागते. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ आली आणि सलाईनचा साठा संपत आला. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर, मीठ व सोडा यांची पाकिटे करून ते पाणी नातेवाइकांच्या हातून रोग्यांना पाजले. तेथे मृत्यूचे प्रमाण शेकडा ३० च्या आसपास होते, ते शेकडा चारच्याही खाली आले. काही पैशांच्या वस्तूने महागड्या बाटलीचे काम केले आणि तेही डॉक्टरच्या हाताशिवाय. डॉ. महालनबीस २०२२ साली वारले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

तेव्हा 'सलाईन चांगले की वाईट?' हा प्रश्नच चुकीचा आहे. सलाईन कोणाला आणि कशासाठी, हा खरा प्रश्न आहे.

चिठ्ठी टाकून केलेली तुलना

आता कोणी म्हणेल, "मला त्या औषधाने गुण आला, आणखी काय पुरावा पाहिजे?" पण पुष्कळसे आजार आपोआप बरे होतात. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते आणि श्रेय कावळ्याला जाते. हा घोटाळा टाळण्यासाठी संशोधक एक साधी युक्ती करतात. सारख्याच रोग्यांचे दोन गट करायचे. कोण कोणत्या गटात जाणार, हे डॉक्टरने ठरवायचे नाही आणि रोग्यानेही नाही. जणू चिठ्ठी टाकून ठरवायचे. एका गटाला एक उपचार, दुसऱ्याला दुसरा, आणि ठरलेल्या मुदतीनंतर दोन्ही गटांची मोजदाद करायची.

या पद्धतीचा एक थोर नमुना आपल्याच देशात घडला आहे. आपल्या आजोबांच्या काळात क्षय झाला म्हणजे माणसाला सॅनेटोरियममध्ये पाठवीत. मिरजेजवळची वानलेसवाडी, मुंबईचे शिवडी ही नावे जुन्या मंडळींच्या लक्षात असतील. पूर्ण विश्रांती, मोकळी हवा, दूध, अंडी असा तेथील थाट. पण देशात क्षयरोगी लाखोंनी होते आणि खाटा थोड्या हजार. १९५६ साली मद्रासमध्ये या प्रश्नासाठी केंद्र सुरू झाले. आज चेन्नईत असलेली राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था ती हीच. तेथे शहरातील गरीब वस्तीतल्या क्षयरोग्यांचे दोन गट केले. औषधे दोघांना तीच, मुदत एक वर्ष. निम्मे सॅनेटोरियममध्ये राहिले, निम्मे आपल्या दाटीवाटीच्या घरात. घरच्यांना खुराक कमी, विश्रांती कमी, कामधंदा चालूच. तरीही १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला तेव्हा दोन्ही गटांत बरे होणाऱ्यांचे प्रमाण जवळजवळ सारखेच निघाले. घरातल्या इतरांना लागण होण्याची जी भीती होती, तीही पुढच्या काही वर्षांच्या पाहणीत खरी ठरली नाही.

याचा अर्थ काय? गुण गोळ्यांचा होता, खाटेचा नव्हता. घरदार सोडून महिनोन् महिने दूर राहणे, कमाई थांबणे, मुलांची आबाळ होणे हा सगळा खर्च वाचू शकत होता. जगभर क्षयाचे उपचार घरी होऊ लागले, त्यामागे मद्रासच्या या अभ्यासाचा मोठा वाटा आहे. उपचाराचा खर्च म्हणजे केवळ बिलाचा आकडा नव्हे, हे यावरून ध्यानात यावे. एसटीचे भाडे, बुडालेली मजुरी, सोबत राहणाऱ्या माणसाचे हाल आणि औषधाचे दुष्परिणाम हे सारे खर्चाच्याच रकान्यात मांडायचे.

तीच गोळी, निराळा हिशेब

ॲस्पिरिनची गोळी सर्वांच्या परिचयाची आणि अत्यंत स्वस्त. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात हृदयविकाराचा झटका आलेले सतरा हजारांहून अधिक रोगी होते. ज्यांना महिनाभर ॲस्पिरिन दिली नाही, त्यांच्यापैकी पाच आठवड्यांत हजारी ११८ दगावले. ज्यांना दिली, त्यांच्यात ९४. म्हणजे हजार माणसांमागे २४ जीव वाचले, तेही काही रुपयांत. असा सौदा वैद्यकात क्वचित मिळतो.

येथे आकड्यांची एक गंमत सांगतो. हीच गोष्ट 'मृत्यू एक पंचमांशाने घटले' अशीही सांगता येते आणि 'हजारांत २४ वाचले' अशीही. दोन्ही खरे. पण जाहिरातदाराला पहिली भाषा आवडते, कारण ती मोठी वाटते. 'धोका निम्म्यावर' असे कोणी म्हटले, तर लगेच विचारावे, "किती होता, तो किती झाला?" शंभरात २० होता तो १० झाला तरी निम्मा, आणि हजारात दोन होता तो एक झाला तरी निम्माच. पहिल्या औषधासाठी कर्ज काढावे, दुसऱ्यासाठी काढण्याआधी दहादा विचार करावा.

आता हीच गोळी धडधाकट वृद्धांना दिली तर? झटक्यात एवढी उपयोगी, मग आधीपासून घेतली तर झटका येणारच नाही, असा तर्क पुष्कळांनी केला. ऑस्ट्रेलिया व अमेरिकेत एकोणीस हजारांवर वृद्ध स्त्री-पुरुषांवर हे तपासले गेले. यातले बहुतेक सत्तरी ओलांडलेले, हृदयविकार न झालेले. २०१८ मध्ये निकाल आला. रोज गोळी घेऊन हृदयविकार विशेष कमी झाला नाही. मात्र पावणेपाच वर्षांत मोठा रक्तस्राव झालेले हजारी २८ होते, ते गोळी घेणाऱ्यांत ३८ झाले. औषध तेच, माणूस बदलला आणि जमेची बाजू जाऊन खर्चाची बाजू उरली. (ज्यांना झटक्यानंतर किंवा स्टेंट बसवल्यानंतर ही गोळी दिली आहे, त्यांनी हे वाचून ती मुळीच बंद करू नये. त्यांचा हिशेब पहिल्या प्रकारचा आहे.)

अर्धा एकर विकावा काय?

आता सर्वांत जिव्हाळ्याचा प्रश्न. गेल्या वर्षी साठी उलटलेले एक शेतकरी अँजिओग्राफीचा रिपोर्ट घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, ब्लॉकेज निघालंय. मुलगा म्हणतो अर्धा एकर काढू आणि स्टेंट टाकू. काढू का?"

मी विचारले, "आबा, आधी सांगा, छातीत दुखतं कधी?"

"चढ चढलो की. थांबलो की थांबतं. दोन वर्षं असंच आहे."

या दोन वाक्यांत फार मोठा फरक दडलेला असतो. अचानक छातीत जोराची कळ, दरदरून घाम, दम लागणे, म्हणजे हृदयविकाराचा झटका. तेथे रक्तवाहिनी एकाएकी बंद झालेली असते आणि दर मिनिटाला हृदयाचा स्नायू मरत असतो. त्या वेळी लवकरात लवकर केलेली अँजिओप्लास्टी जीव वाचवते. तेव्हा हिशेब मांडत बसू नये, मिळेल ते वाहन करून मोठे रुग्णालय गाठावे.

पण आबांसारखे स्थिर दुखणे निराळे. त्यावर ३७ देशांतील ५,१७९ रोग्यांचा एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात भारतीय रोगीही होते. निम्म्यांना औषधांबरोबर सुरुवातीलाच अँजिओप्लास्टी किंवा बायपास करण्याचा मार्ग दिला, निम्म्यांना आधी केवळ औषधे. तीन वर्षांहून थोड्या अधिक काळात पहिल्या गटात १४५ मृत्यू झाले आणि दुसऱ्यात १४४. आयुष्य वाढवण्याच्या दृष्टीने फरक नाही. मात्र ज्यांना रोज किंवा दर आठवड्याला छातीत दुखत होते, त्यांच्यापैकी वर्षाअखेर दुखणे पूर्ण थांबलेले पहिल्या गटात शेकडा ५० होते, दुसऱ्यात शेकडा २०. म्हणजे स्टेंटचा फायदा आहे, पण तो दुखणे कमी होण्याचा आहे. डाव्या मुख्य वाहिनीत मोठा अडथळा असलेले किंवा हृदय फार कमजोर झालेले रोगी या अभ्यासात नव्हते. त्यांचा निर्णय निराळा असतो.

आबांना मी हे सगळे सांगितले आणि हृदयरोगतज्ज्ञांना काय काय विचारायचे, ते कागदावर लिहून दिले. तपासणीअंती तज्ज्ञांनी औषधे वाढवून काही महिने वाट पाहण्याचा सल्ला दिला. आबा आता चढ सावकाश चढतात, तंबाखू सोडली आहे, दर महिन्याला रक्तदाब दाखवतात. जमीन तूर्त घरात आहे. पुढे दुखणे वाढले तर स्टेंटचा मार्ग खुला आहेच.

पैशांच्या बाबतीत दोन गोष्टी माहीत असाव्यात. २०१७ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने स्टेंटच्या किमतीवर कमाल मर्यादा घातली, आणि औषध लावलेल्या स्टेंटची किंमत तेव्हा ३० हजारांच्या आत आली. शिवाय महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टीचा समावेश आहे, तेव्हा शेत विकण्यापूर्वी योजनेतील रुग्णालयात चौकशी करावी. पण फुकट मिळते म्हणून गरज नसताना करून घेऊ नये. स्टेंटनंतर रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या कित्येक महिने न चुकता घ्याव्या लागतात आणि त्यांचाही धोका असतोच.

पाच प्रश्न

घाईचा प्रसंग नसेल, तेव्हा कोणत्याही मोठ्या उपचाराआधी हे पाच प्रश्न शांतपणे विचारावेत.

१) हा उपचार नाही केला, तर काय होईल? थोडे थांबलो तर चालेल काय?

२) माझ्यासारख्या शंभर रोग्यांनी केला, तर किती जणांना फायदा होईल?

३) फायदा कोणता? आयुष्य वाढेल, की त्रास कमी होईल, की नुसता रिपोर्ट सुधारेल?

४) शंभरात किती जणांना अपाय होतो आणि तो कोणता?

५) याहून स्वस्त वा साधा पर्याय तपासून पाहिला गेला आहे काय?

प्रश्न विचारणे म्हणजे डॉक्टरवर अविश्वास दाखवणे नव्हे. वेळ थोडा असला तरी बहुतेक डॉक्टर उत्तर देतात, आणि नीट विचारणारा रोगी पुढे औषधेही नीट घेतो, असा माझा अनुभव आहे. आकडा नेमका सांगता आला नाही, तरी 'पुष्कळांना', 'थोड्यांना' एवढे तर नक्कीच सांगता येते. एवढ्यावरूनही घरच्यांना निर्णय घेणे सोपे जाते. सोबत घरातले शिकलेले एखादे माणूस न्यावे आणि उत्तरे लिहून घ्यावीत, कारण घाबरलेल्या मनाला ऐकलेले आठवत नाही.

पुढच्या वेळी 'खर्च किती?' असे विचाराल, तेव्हा 'गुण किती, आणि कोणाला?' हेही त्याच दमात विचारा.