विन्स्लो आजींची नाटक कंपनी

1989 साली अमेरिकेत ‘फॅमिली मॅटर्स’ ही दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली आणि रोझेटा लेन्वार घरोघरी विन्स्लो आजी म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. तेव्हा त्या 78 वर्षांच्या होत्या. मालिका बघणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल की, या आजी गेली दोन दशके न्यूयॉर्कमध्ये एक नाटक कंपनी चालवत होत्या. नव्या संगीत नाटकांची निर्मिती आणि मुलांचे रंगशिक्षण असे तिचे दुहेरी काम होते.

त्यांचा जन्म 1911चा, न्यूयॉर्कच्या हेल्स किचन भागातला. लहानपणी मुडदूस झाल्याने पाय अधू राहिले होते. त्या पायांना नाचाचे वळण लावले ते त्यांच्या धर्मपित्याने, म्हणजे बिल ‘बोजँगल्स’ रॉबिन्सन या विख्यात टॅप नर्तकाने. त्यानेच पोरीचे लाडाचे नाव ‘ब्राऊन शुगर’ ठेवले. 1939 साली ‘द हॉट मिकाडो’मधून त्या ब्रॉडवेवर आल्या. गिल्बर्ट आणि सलिव्हन यांच्या ऑपेराला जाझचा साज चढवलेल्या त्या नाटकात मिकाडोच्या भूमिकेत खुद्द रॉबिन्सनच होता. पुढे 1944मध्ये ‘अ‍ॅना लुकास्टा’ आले, तेही गाजले. त्यानंतरची कारकीर्द मात्र बहुतांशी मोलकरणी, परिचारिका आणि प्रेमळ म्हाताऱ्या करण्यात गेली. कृष्णवर्णीय नटीला त्या काळी ब्रॉडवे दुसरे फारसे देतच नव्हता. भूमिका छोट्या असल्या तरी त्या इमानाने करायच्या, असा रोझेटाबाईंचा खाक्या होता.

1968 साली त्यांनी स्वतःची पुंजी घालून ‘अमास रेपर्टरी थिएटर’ काढले. साल लक्षात घेण्यासारखे आहे. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली होती. कृष्णवर्णीय रंगकर्मींमध्ये एक विचार जोरात होता: आपले लेखक, आपले नट, आपले प्रेक्षक. आदल्याच वर्षी ‘नीग्रो एन्सेंबल कंपनी’ स्थापन झाली होती आणि तिने पुढे मोठे कामही केले. रोझेटाबाईंनी वेगळी वाट धरली. अमासच्या रंगमंचावर काळे, गोरे, आशियाई, लॅटिन अमेरिकी नट एकत्र उभे राहतील, आणि भूमिका रंग पाहून वाटल्या जाणार नाहीत, असे त्यांनी ठरवले. त्या वातावरणात हे काहींना भाबडे वाटले असेल. पण ज्या बाईच्या वाट्याला रंगामुळे आयुष्यभर पोछा आणि एप्रन आला, तिने हे ठरवण्यात मला भाबडेपणा दिसत नाही. भूमिका वाटण्याचा अधिकार हातात आल्यावर तिने आधी ती जुनी यादीच फाडून टाकली.

अमासचे काम हार्लेम या न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीय वस्तीच्या वेशीवर चाले. आपल्याकडे ज्याला प्रायोगिक म्हणतात तसला हा संसार होता: मोजके प्रयोग, तुटपुंजे पैसे, देणग्या आणि अनुदानांसाठी सततची धावपळ. फरक इतकाच, की आपल्या प्रायोगिकवाल्यांनी संगीत नाटकाला सहसा हात लावला नाही, आणि इथे तर सारा भर त्यावरच. नवे संगीत नाटक उभे करणे महागडे असते. गाणी प्रेक्षकांपुढे म्हटल्याशिवाय कुठले टिकेल ते कळत नाही. ब्रॉडवेवर ती चूक लाखो डॉलरना पडते, अमासमध्ये ती परवडत असे. त्यामुळे नव्या संगीतकारांना आणि लेखकांना तिथे पाय ठेवायला जागा मिळाली. मिकी ग्रँट यांचे ‘इट्स सो नाइस टू बी सिव्हिलाइज्ड’ आधी इथे झाले आणि 1980मध्ये ब्रॉडवेवर गेले.

सगळ्यात गाजले ते ‘बबलिंग ब्राऊन शुगर’. कल्पना रोझेटाबाईंची, संहिता लॉफ्टन मिचेल यांची. 1975मध्ये अमासमध्ये झालेला हा खेळ 2 मार्च 1976 रोजी ब्रॉडवेवर उघडला. तिथल्या निर्मात्यांत अ‍ॅश्टन स्प्रिंगर हे कृष्णवर्णीय निर्मातेही होते. धर्मपित्याने ठेवलेले लाडाचे नाव आता जाहिरातींच्या फलकांवर झळकले. 766 प्रयोग झाले, सर्वोत्तम संगीत नाटकाच्या टोनी पुरस्कारासाठी नामांकनही मिळाले. त्या वर्षी समोर ‘अ कोरस लाइन’सारखे तुफान गाजलेले नाटक होते, त्यामुळे पुरस्कार हुकला याचे नवल नाही. खरे सांगायचे तर नाटकाची गोष्ट कागदासारखी पातळ होती: जुन्या हार्लेमच्या क्लबांतून एक फेरफटका. प्रेक्षक येत ते ड्यूक एलिंग्टन, यूबी ब्लेक, फॅट्स वॉलर यांच्या गाण्यांसाठी. पाठोपाठ 1978 साली ‘एन्ट मिसबिहेव्हिन’ आणि ‘यूबी!’ आले आणि जुन्या गाण्यांच्या अशा खेळांची लाटच आली. अमासला नाव मिळवून दिले ते आठवणींवर जगणाऱ्या या खेळाने. नव्या लेखकांची जी डझनावारी नाटके बाईंनी रंगमंचावर आणली, त्यांची नावे आज अभ्यासकच सांगू शकतील.

मुलांसाठीच्या विभागाला त्यांनी यूबी ब्लेक यांचे नाव दिले. लहानपणी बाईंना संगीताची गोडी लावणाऱ्यांपैकी ते एक. तिथे मुलांना गाणे, नाच आणि अभिनय तिन्ही शिकवले जाई, कारण संगीत नाटकात एकावर भागत नाही.

1986मध्ये नटांच्या ‘अ‍ॅक्टर्स इक्विटी’ या संघटनेची चार वर्षांची पाहणी पुरी झाली. अमेरिकेतल्या व्यावसायिक नाटकांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक नाटकांत सगळेच नट गोरे असल्याचे तिच्यातून निघाले. अमास सुरू होऊन तेव्हा अठरा वर्षे झाली होती. पुढे इक्विटीने सर्व वंशांच्या नटांना काम देणाऱ्या नाट्यसंस्थांसाठी आणि निर्मात्यांसाठी पुरस्कार ठेवला; त्याला रोझेटाबाईंचे नाव दिले आणि पहिला पुरस्कारही त्यांनाच दिला. 1999मध्ये अमेरिकी सरकारचे राष्ट्रीय कला पदक मिळाले. त्या वर्षीच्या मानकऱ्यांत गायिका अरेथा फ्रँकलिन आणि ओडेटाही होत्या. 17 मार्च 2002 रोजी रोझेटाबाई गेल्या, वयाच्या 90व्या वर्षी. अमासचे काम त्यांच्यानंतरही चालू राहिले, आणि संस्थेच्या किशोरवयीन मुलांसाठीच्या संगीत नाटक अकादमीला आता रोझेटा लेन्वार यांचे नाव आहे.